गरम झाली की परत स्टार्ट न होणारी एमजीबी : सोलापूरच्या उन्हात काय तपासायचं आणि कधी

पहिल्यांदाच जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतलेल्यांसाठी हे लिहितोय, कारण एप्रिल उजाडला की हाच प्रॉब्लेम पुन्हा पुन्हा समोर येतो आणि माझ्या गाडीनेही तो मला भरपूर दाखवलाय. माझी एमजीबी (एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार) १९६६ची आहे, १७९८ सीसीचं इंजिन आणि एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर. एमजीचीच मिजेट किंवा एमजीए असेल तरी बरंचसं लागू पडेल, आकडे मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून बघून घ्या.

लक्षण ठरलेलं असतं. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू, होटगी रोडला मस्त पळते, मग सात रस्त्याला सिग्नल लागतो, पार्क चौकात गर्दी, तिथे स्लो रनिंग हलायला लागतं, थोडं मिस मारते, पण बंद पडत नाही. मग तुम्ही कुठेतरी चहाला दहा-पंधरा मिनिटं थांबता आणि परत येऊन किल्ली फिरवता तर सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत, इंजिन मात्र उचलतच नाही. पाऊण तासाने तीच गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजला नेली की तिथे एकदम शहाण्यासारखी वागते, मग कोणी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदलतं, कोणी प्लग बदलतं, कोणी दोन्ही कार्बोरेटर खोलून साफ करून देतं, बिल होतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

माझं म्हणणं एकच आहे, आणि ते मी जोर देऊन सांगतो. ही गाडी थंड असताना तपासून काही उपयोग नाही. ती रस्त्यावर मेलेली असते ना, ती जी वीस-तीस मिनिटं असतात, तेवढ्यातच खरं कारण सापडतं. त्या वेळात हातात काय असावं आणि आधी काय बघावं हे माहीत असेल तर एका थांब्यात निदान होतं, नाहीतर वर्षभर पार्ट बदलत बसाल.

आधी हे का होतं ते समजून घ्या. एमजीबीच्या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला धूर बाहेर नेणारा लोखंडी पाइप) दोन्ही एकाच, डाव्या बाजूला आहेत, आणि कार्बोरेटर बरोब्बर एक्झॉस्टच्या वर बसलेत. मध्ये फक्त एक पत्र्याची हीट शील्ड. गाडी पळत असते तेव्हा ग्रिलमधून वारा येतो, फॅन फिरतो, आणि टाकीतून ताजं, थंड पेट्रोल सतत येत राहतं, त्यामुळे कार्बोरेटर गार राहतात. तुम्ही किल्ली बंद केली की वारा बंद, फॅन बंद, पाणी फिरायचं बंद, पण एक्झॉस्टचं लोखंड तापलेलंच असतं. मग ती सगळी उष्णता वर चढते आणि पहिली दहा-वीस मिनिटं बोनेटखालचं टेंपरेचर कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. चहा प्यायला लागतो तेवढाच हा वेळ. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला ज्या हवेत ही गाडी १९६२ पासून बनली तिथे हे चालून जात होतं, आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ डिग्री असतं, म्हणजे सुरुवातच वरून.

त्यात पेट्रोल. पेट्रोल एका ठरावीक टेंपरेचरला उकळत नाही, त्यातले हलके घटक ४० डिग्रीच्या आसपासच उडायला लागतात. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांमध्येही ते तयार होतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण साठ वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरला ते माहीत नव्हतं. इथेनॉल स्वतः ७८ डिग्रीला उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की पेट्रोलचे मधले घटकही लवकर उकळायला लागतात. म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी) उरलेलं पेट्रोल अक्षरशः उकळतं, मग एकतर ते जेटमधून (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) वर येऊन इंजिन फ्लड करतं, म्हणजे जादा पेट्रोलने भिजवतं, नाहीतर उडून जाऊन चेंबर रिकामा होतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण आपल्याकडचे जुने मिस्त्री हमखास ओला फडका घेऊन पंप शोधायला लागतात. ती युक्ती अँबॅसेडरची. अँबॅसेडरला मेकॅनिकल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, तो तापतो, आणि तो मागून पेट्रोल ओढत असल्यामुळे त्याच्या अलीकडच्या पाइपात वाफ धरते, म्हणून पंपावर ओला फडका टाकला की गाडी चालू व्हायची. एमजीबीचा पंप इलेक्ट्रिक आहे आणि तो मागे, उजव्या चाकाच्या पुढे खाली बसवलाय, तिथून तो पेट्रोल पुढे ढकलतो, साधारण ३ पीएसआयने. त्यामुळे पुढचा पाइप दाबाखाली असतो आणि त्यात वाफ अडकायची शक्यता कमी. उकळतं ते फ्लोट चेंबरमध्ये, कारण तो हवेला उघडा असतो. फडका टाकायचाच तर फ्लोट चेंबरवर टाका.

आता रस्त्यावरची तपासणी. डिकीत कायम एवढं ठेवा: एक चांगला जादाचा प्लग, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, रबरी मुठीची पक्कड, कंडेन्सर आणि रोटर (दोन्ही डिस्ट्रिब्युटरमधले छोटे पार्ट), पाण्याची बाटली, दोन फडके, आणि आग विझवायचा सिलिंडर. सिलिंडर ऐच्छिक नाहीये. पेट्रोल भरलेली दोन भांडी तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर ठेवलेली गाडी चालवतोय आपण, सिलिंडर सीटजवळ हाताला लागेल असा पाहिजे. आणि गरम गाडीत कार्बोरेटरचा पाइप काढून पेट्रोल येतंय का बघायचं काम रस्त्यावर अजिबात करू नका, कितीही अनुभवी माणूस सोबत असला तरी. त्याची गरजच पडत नाही.

गाडी मेली की पहिलं काम, सेल्फ मारत बसू नका. किल्ली ऑन करा आणि शांत राहून मागचा आवाज ऐका. एसयू पंप टिकटिक करतो आणि तो सगळं सांगतो. किल्ली ऑन केल्यावर थोडी टिकटिक झाली आणि थांबली, तर फ्लोट चेंबर भरले, पेट्रोल पोचतंय. टिकटिक थांबतच नाही, पटापट चाललीय, तर पंप हवा ओढतोय किंवा टाकीत पेट्रोल नाही, किंवा फ्लोटची (चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणारी) सुई बंद होत नाहीये आणि पेट्रोल ओव्हरफ्लो पाइपातून खाली पडतंय, अशा वेळी लगेच किल्ली बंद करून खाली वाकून बघा. टिकटिक खूप हळू, ओढून ताणून होतेय, तर कुठेतरी अडलंय, फिल्टर किंवा टाकीतला गंज. आणि अजिबात आवाज नाही तर दोन शक्यता, एकतर चेंबर आधीच भरलेले आहेत, नाहीतर पंप मेलाय. हे ओळखायला पंपाला पान्याच्या मुठीने हलकं टोकायचं, टोकल्यावर चालू झाला तर त्याचे आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे टोक) जळालेत किंवा त्याची अर्थिंगची काळी वायर गंजलीय. माझ्या अनुभवात अर्थिंग जास्त वेळा निघते, तेव्हा पंप बदलायच्या आधी ती वायर घासून घट्ट करा.

दुसरं काम, करंट. प्लग आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा) उजव्या बाजूला आहेत, कार्बोरेटरच्या विरुद्ध, त्यामुळे ठिणगी बघणं त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी पेट्रोलचा वास जोरात येत असेल तर आधी बोनेट उघडं ठेवून वास जाऊ द्या. जादाचा प्लग एका वायरला लावा, पकडीने धरून त्याची बॉडी इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक, टच्च आवाजाची ठिणगी आली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळट, बारीक, अधूनमधून येणारी असेल किंवा येतच नसेल तर कारण इथेच आहे आणि कार्बोरेटरला हात लावायचा नाही.

ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्पची एक बाजू डिस्ट्रिब्युटरकडे येणाऱ्या पांढऱ्या-काळ्या वायरच्या जोडावर आणि दुसरी बॉडीला लावून सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत, मग संशय कंडेन्सर, कॉइल आणि रोटर यांच्यावर. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीयेत, गॅप बघा, २५डी४ डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी पाहिजे. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत करंट येत नाहीये किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आत वायर बॉडीला लागलीय. गरम झाल्यावर मरणारी वस्तू म्हणजे पहिला नंबर कंडेन्सर. तो थंड असताना मीटरवर एकदम पास होतो, तापला की आतून गळतो, ठिणगी पिवळी पडते आणि पॉइंट काळे-निळे जळतात. हल्ली मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरची आणि रोटरची क्वालिटी फार खालीवर असते, नवीन टाकला म्हणून तो संशयातून सुटला असं समजू नका. जुना पण चालणारा पार्ट फेकू नका, डिकीत ठेवा, त्याने घरी आणलंय अनेकांना.

कॉइलबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे खूप गोंधळ होतो. १९६६च्या गाडीला बॅलास्ट रेझिस्टन्स (कॉइलच्या आधी करंट कमी करणारा रेझिस्टर) नाही, तिला साधारण ३ ओहमची कॉइल लागते. दुकानात "१२ व्होल्टची" म्हणून जी कॉइल हातात देतात ती कधीकधी दीड ओहमची, बॅलास्टवाली असते. ती बसते, गाडीही चालू होते, उलट सुरुवातीला बरी वाटते, पण दुप्पट करंट ओढते, अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतकी तापते आणि पॉइंट खाते. मीटर घ्या, दोन बारीक टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि १९६७ च्या शरद ऋतूपर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला. आपल्याकडचा कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन सवयीने मायनस बॉडीला धरून चालतो, तेव्हा गाडी त्याच्या हातात द्यायच्या आधी बोनेटच्या आत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत कॉइलच्या प्लसवरून वायर डिस्ट्रिब्युटरला जाते. उलटी लागली तरी गाडी चालते, पण ठिणगी कमजोर होते, आणि ती कमजोरी नेमकी गरम असतानाच दिसते.

करंट कडक आहे, पंप टिकटिक करून थांबला, तरी गाडी उचलत नाही आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे ती फ्लड झालीय. चोकला हात लावू नका. पॅडल पूर्ण दाबून धरून ठेवा आणि सेल्फ मारा, सलग दहा सेकंदाच्या आत, मग थोडी विश्रांती. पॅडल पंपिंग करायची सवय असेल तर ती सोडा, एसयू कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप नसतोच, त्यामुळे पाय हलवून एक थेंबही जादा जात नाही. पूर्ण दाबलं की भरपूर हवा जाते आणि साचलेलं पेट्रोल निघून जातं. वास नाही आणि उचलतही नाही, तर चेंबरमधलं पेट्रोल उडून गेलंय. ओला फडका दोन्ही फ्लोट चेंबरवर टाका, बोनेट उघडं, किल्ली ऑन करून पंपाला भरू द्या, पाच मिनिटांनी सेल्फ मारा. चालू झाली तर उष्णतेचाच प्रॉब्लेम आहे हे पक्कं, आणि आता मात्र घरी जाऊन त्यावर पैसे घालवायला हरकत नाही.

एक तपासणी राहते जी सगळ्यात सोपी आहे आणि सगळ्यात शेवटी आठवते. टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, टाकीत व्हॅक्यूम होतोय आणि पंपाला ओढता येत नाहीये. याचं लक्षण अगदी हीटसारखंच दिसतं, कारण इथेही काही किलोमीटर गेल्यावरच गाडी मरते आणि उभी राहिली की हळूहळू हवा शिरून पुन्हा चालू होते. फरक एवढाच की ही पळता पळता मरते, चहानंतर नाही. टाकीतला गंजही तसाच, पळताना तोंडाशी येऊन बसतो आणि थांबलं की खाली पडतो. बरीच वर्षं उभी असलेली गाडी घेतली असेल तर टाकी उतरवून आतून साफ करणं हे पहिल्या महिन्याचं काम आहे, रंगाच्या आधीचं. रंग थांबू शकतो.

आता उष्णतेचा बंदोबस्त. हीट शील्ड आहे का आणि तिच्या मागचं इन्सुलेशन शिल्लक आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत कोणीतरी ती काढून ठेवलेली असते, कारण तिच्यासकट कार्बोरेटर बसवायला वेळ लागतो. जुनं मूळ इन्सुलेशन ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, ते कोरडं घासू किंवा खरवडू नका, ओलं करून सांभाळून काढा आणि नवीन सिरॅमिकचं लावा. कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्डमधले फिनॉलिक (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचे) स्पेसर दोन्ही बाजूंना पाहिजेत, नुसती कागदी गॅस्केट लावून काम भागवलेलं मी पाहिलंय. सगळे रबरी पेट्रोल पाइप इथेनॉल चालणारे, आर९ ग्रेडचे घ्या, साधे जुने पाइप ई२०ने आतून मऊ होतात आणि त्याचा काळा गाळ फ्लोटच्या सुईवर जाऊन बसतो. सुई व्हायटन (इथेनॉल सोसणारं रबर) टोकाची घ्या.

मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, हा दुसरा मोठा भाग. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेट्रोलसाठी बरोबर लावलेलं सेटिंग ई२०वर वीक (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, आणि वीक चाललं की एक्झॉस्ट अजून तापतं. जेटचा नट एक-दोन फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी एक-दोन बाजू) खाली घ्यावा लागतो. बरोबर झालं का ते बघायला पिस्टन उचलायची पिन असते, ती साधारण एक मिमी उचलायची. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), लगेच पडून बंद पडायला लागली तर वीक, किंचित वाढून जाग्यावर आला तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटरला वेगवेगळं बघा. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे असेल तरी एक्झॉस्ट तापतं, तेव्हा मिक्श्चरच्या आधी पॉइंट, मग टायमिंग, मग कार्बोरेटर हा क्रम सोडू नका.

रेडिएटरचंही बोलायला पाहिजे. काटा नॉर्मल असूनही गाडी चहानंतर चालू होत नसेल तर रेडिएटरचा दोष नाही, ते वेगळं दुखणं आहे. पण काटाही चढत असेल तर आधी ते निस्तरा. सोलापुरात बोअरचं पाणी टाकलेले रेडिएटर आतून चुन्याने भरलेले असतात. फ्लश करा, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट टाका. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला सगळे देतात, तो ऐकू नका, या इंजिनाला गरम प्रदेशासाठी ७४ डिग्रीचा थर्मोस्टॅट मिळतो, तो बसवा.

काम करणारा माणूस शोधताना "व्हिंटेज" असा बोर्ड शोधू नका. अँबॅसेडरवर हात बसलेला जुना मिस्त्री शोधा. अँबॅसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी एकाच बी सिरीज खानदानातलं आहे, त्यामुळे टॅपेट, पॉइंट, एसयू हे सगळं त्याच्या बोटात असतं. आमच्याकडे अशाच एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी बघून एवढंच म्हटलं, "आवाज तर वळखीचा हाय की." फक्त वर लिहिलेली पंपाची आणि अर्थिंगची गोष्ट त्यांना आधी सांगा. अँबॅसेडरचे पार्ट सगळेच बसत नाहीत, नमुना सोबत नेऊन मोजूनच घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि नंतर तीच परीक्षा द्या. माझी परीक्षा तुळजापूरची आहे. घाट चढून वर जायचं, पार्किंगला उन्हात उभी करायची, लगेच बंद करायची, बोनेट मुद्दाम बंद ठेवायचं, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारायचा. माझ्या गाडीत कंडेन्सर आणि हीट शील्ड ही दोन्ही कारणं एकत्र निघाली, नुसता कंडेन्सर बदलून अर्धाच फरक पडला होता, शील्ड आणि स्पेसर लावल्यावर दुसऱ्या सेल्फला चालू व्हायला लागली. मे महिन्यात भर दुपारी चालू झाल्यावर पहिले काही सेकंद अजून अडखळते, पॅडल थोडं दाबून धरलं की सुधारते. त्यासाठी आता एक्झॉस्ट मॅनिफोल्डला सिरॅमिक कोटिंग करून घेणार आहे, ते झालं की पुन्हा घाट चढून बघेन आणि काय फरक पडला ते सांगेन.